लाकडी बैलजोडीची सुट्टी

सर्व संबंधितांस गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, लाकडाचा बैलही सुट्टीवर जाऊ शकतो. कोणी हसू नये. मी हे भोगलं आहे.

सत्तरच्या दशकात माझे मामा महाल नावाच्या जुन्या वस्तीत लाकडी खेळणी कोरायचे. त्यांच्या डोक्यात चक्री शिरली: मुलांनी बसायची, गोल फिरणारी, पण आपल्या मुलखाची. मग काय, भातात भुसा, चहात भुसा, अंथरुणात भुसा. शेवटी गोंड राजाचा हत्ती उभा राहिला, भोसल्यांच्या फौजेतला घोडा, वाघ, अस्वल, रोही म्हणजे नीलगाय. आणि हत्तीच्या बरोबर समोर, तोल सांभाळायला, दणकट बैलजोडी. मामांना एकच बघायचं होतं: तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोरांच्या पोळ्याला, ही चक्री मुलांनी भरून फिरताना. एरवी इतकी पोरं एका जागी येतात कुठे?

त्या दिवशी पोरं आपापले चाकांचे लाकडी बैल ओढत मैदानात जमली. मामांच्या सासूबाईंनी चक्रीवरच्या जोडीला कुंकू लावलं, पुरणपोळीचा नैवेद्य दाखवला आणि हात आडवा धरून उभ्या राहिल्या.

"आज बैलायले जुंपाचं नाही."

"आई, लाकडाचे हायेत ते."

"मंग सकाळी पाया काहून पडले?"

मामा म्हणाले, "पोळा तर काल झाला ना."

"खऱ्यायचा काल झाला. लाकडाच्यायचा आज हाय."

मी उगाच मध्ये पडलो. म्हटलं, आजी, हे काही ओढत नाहीत, नुसते गोल फिरतात.

"घाण्याचा बैल काय करते मंग?"

जमलेल्या आयांनी माना डोलावल्या. संपलं. चक्री ढकलायला बोलावलेले दोघं हा वाद ऐकून कंटाळले आणि जेवायला घरी गेले.

मामांनी दातओठ खात बोल्ट सोडले, जोडी कडुनिंबाखाली नेऊन ठेवली. सासूबाईंनी तिच्यापुढे चारा टाकला. खरा, हिरवा. मुलं चढली, आणि चक्री हत्तीच्या बाजूला कलून अडकली. मामा वजन शोधू लागले. नजर माझ्यावर थांबली. मी तेव्हाही अंगानं भरलेलाच होतो. मला बैलांच्या रिकाम्या जागी बसवलं, पण एकटा मी म्हणजे अर्धीच जोडी.

"आई, जागा तुम्ही रिकामी केली, आता तुम्हीच बसा."

त्या पदर खोचून खरंच माझ्या शेजारी येऊन बसल्या.

मामांनी एकट्यानं आमच्या मागचा ढकलायचा दांडा छातीला लावला. चक्री कुरकुरली आणि फिरली. अस्वलावर पोरं, वाघावर पोरं, पोरांच्या मांडीवर त्यांचे बैल. पण खाली मान घालून ढकलणाऱ्या मामांना यातलं काय दिसणार? जरा बाजूला होऊन एकदा डोळे भरून बघावं म्हणून त्यांनी दांडा सोडला. वेग मंदावला. तशा सासूबाई मागे वळून बोलल्याच:

"सुट्टी बैलायले हाय, जवाईबापू. तुमाले नाही."