आडतीवरचा नमस्कार

हे लिहिण्याचा मला काही अधिकार आहे असं वाटत नाही. आमच्या घरात कॉलेजात जाणारा मी पहिलाच. सहीपलीकडे काही लिहिणारं माणूस मी घरी पाहिलेलं नाही. त्यातून जे सांगायचं आहे ते दुसऱ्याचं दुःख आहे, आणि त्यात माझा हात आहे. म्हणून आधीच माफी मागतो.

सर आम्हाला इतिहास शिकवायचे. सकाळच्या पहिल्या एसटीनं यायचे, आमचे तास घेऊन दुपारी दुसऱ्या तालुक्यातल्या कॉलेजात शिकवायला जायचे. डबा बसमध्येच खायचे. त्यांची नेमणूक तासिका तत्त्वावर होती. जेवढे तास घेतले तेवढ्याचेच पैसे, तेही कित्येक महिने थांबून. सुट्टी लागली की काहीच नाही. तेव्हा मला यातलं काही ठाऊक नव्हतं. इस्त्रीचा शर्ट घालून शिकवणाऱ्याला पगार असतोच, असा आमच्या गावात सगळ्यांचा समज आहे. माझाही होता.

आमच्या भागातला माल सहसा मेहकरला जात नाही. त्या दिवाळीत तिथं भाव बरा म्हणून बाबांनी सोयाबीन तिकडं नेलं, मीही गेलो. आडतीवर भरलेली पोती दाभणानं शिवायला एक माणूस बसला होता, तोंडाला दुपट्टा बांधून. "जरा मागं सरका, उजेड येऊ द्या," तो म्हणाला. फळ्यापुढं गर्दी झाली की सर असंच म्हणायचे. मी ओळखलं. त्यांनी डोळ्यांनीच 'नको' म्हटलं असावं, असं मला आज वाटतं. पण गुरुजी दिसले की पाया पडायचं, हे लहानपणापासून अंगवळणी पडलेलं. मी तिथंच धुळीत वाकलो.

गादीवरून शेठ ओरडला, "काऊन बे, पोते शिवणाऱ्याच्या पाया पडून राह्यला?"

"आमचे सर आहेत ते. कॉलेजात शिकवतात."

एक हमाल हसला, "मंग गुरुजी, उद्यापासून आमची हजेरी तुम्हीच घ्या!"

"अन् उशीर झाला त छडी माराल का?" दुसरा म्हणाला.

शेठ मात्र हसला नाही. त्यानं उठून खुर्ची पुढं केली, चहा सांगितला. "सांगायचं त होतं ना सर! मी तुमाले रोज अरे-तुरे करून राह्यलो." सरांनी एका हातात दाभण तसंच धरून चहा घेतला.

परतताना बाबा म्हणाले, "चांगलं केलं पोरा. शिकला, पण रीत नाही सोडली." मलाही बरं वाटलं.

आठवड्यानं उरलेला माल घेऊन गेलो, तर सर दिसले नाहीत. शेठला विचारलं.

"त्याहिले दुसऱ्याच दिवशी नाही म्हटलं. लोक ज्याच्या पाया पडतात, त्याले पोते शिवाले बसवू का मी? पाप लागन."

हजेरीवरून हसलेला तो हमाल मला बाजूला घेऊन हळू म्हणाला, "तुह्या नमस्कारानं त्याहिची रोजी गेली रे बापा. सुट्टीभर इथंच राबणार होते. म्हणत होते, पोरीची फी यातूनच निघन."

मी पोत्यांकडं बघत उभा राहिलो. तिथं आता एक म्हातारा शिवत होता.

कॉलेज उघडलं तेव्हा सर आले. एकदा माफी मागायला मी व्हरांड्यात थांबलो. तोंड उघडण्याआधीच त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, "बस चुकेल माझी," म्हणाले आणि निघून गेले. जानेवारीपासून ते यायचे बंद झाले. ऑफिसात विचारलं तर "सोडलं त्यांनी" एवढंच कळलं. कुणीतरी म्हणालं, कायमची नोकरी लागली. ते खरं मानायचा मी बरेच दिवस प्रयत्न केला.

परवा चाकणला कामाला गेलेल्या वर्गमित्राचा मेसेज आला. "आपले सर माह्याच गोडाऊनमधी आहेत. खोके पॅक करतात. मले म्हणाले, इथं सर म्हणू नको, अन् गावाकडं कोणाले सांगू नको."