फ्लेक्सवरचं धड

देशासाठी प्राण ओवाळून टाकणारे वीर तापीकाठच्या याच मातीत जन्माला येतात, असं आमच्या गावच्या बसथांब्यावर कित्येक महिने लिहिलेलं होतं. कोणत्या देशासाठी, हे लिहायला फ्लेक्सवर जागा उरली नव्हती. उरलेल्या जागेत आप्पा हात जोडून उभे होते.

आप्पा म्हणजे आमचे पुढारी. वीर म्हणजे माझा भाचा. आपल्या सैन्याच्या भरतीत छाती कमी भरली म्हणून तो परत आला होता. मग सुरतच्या एका एजंटामार्फत तो रशियाच्या लढाईत स्वयंसेवक म्हणून गेला. त्या युद्धाशी गावाचा संबंध खत महाग होण्यापुरता. पण आप्पांनी बँड लावला, शाल-श्रीफळ दिलं आणि भाषणात ‘आपला जवान’ इतक्यांदा म्हटलं, की कोणाचा जवान हे विचारायचं कोणाला सुचलं नाही.

रविवारी त्याचा व्हिडिओ कॉल यायचा. केळीची काढणी चालू असताना तो बंद पडला. मग एजंटचा फोनही बंद पडला.

आम्ही अर्ज केल्यावर दिल्लीच्या परराष्ट्र खात्याकडून शोधासाठी फोटो मागितला गेला. ताईने, म्हणजे त्याच्या आईने, एका लग्नातला दिला. त्यात त्याने गॉगल घातला होता. दुसऱ्यातही गॉगल, तिसऱ्यातही. आमच्याकडच्या पोरांचे डोळे फक्त आईनेच पाहिलेले असतात. दहावीनंतरचा उघड्या डोळ्यांचा एकही फोटो घरात निघाला नाही.

आप्पा म्हणाले, “यात तो जवान वाटतो का? मी पाठवतो चांगला.” आणि त्यांनी फ्लेक्सवरचा पाठवला.

बऱ्याच महिन्यांनी दिल्लीहून फोन आला. फोटोतला गणवेश आपल्याच सैन्याचा आहे, तिकडे चौकशी करा. आपल्या सैन्याला तो माहीत असण्याचं कारणच नव्हतं. त्यांनी तर त्याची छाती मोजून त्याला घरी पाठवलं होतं.

ताई बसथांब्यावर जाऊन बराच वेळ फ्लेक्सकडे बघत राहिली. मुलाच्या छातीवर पदकांच्या पट्ट्या होत्या.

“भाऊ,” ती मला म्हणाली, “डोकं त्यानं शे. हाई आंग कोनं शे?”

अंग फ्लेक्सच्या दुकानातलं होतं. त्यात कोणाला काही वावगं वाटलं नव्हतं. आमच्याकडे निवडणुकीला उभा राहणाऱ्याचं पोटही दुकानातच आत जातं.

आम्ही आप्पांकडे गेलो. माइकवर शुद्ध मराठी बोलणारे आप्पा ओट्यावर अहिराणीत आले.

“आक्का, मी धाडं का त्याले? तो स्वतः गया. स्वयंसेवक व्हता ना तो?”

“मंग बँड कसाले लावा व्हता, आप्पा?”

“बँड तं मी सगळासले लावस.”

हे मात्र खरं होतं.

दिल्लीला आता उघड्या डोळ्यांचा, मूळ फोटो हवा होता. तो एकाच ठिकाणी असू शकत होता. फ्लेक्स बनवताना दुकानदाराने भाच्याला स्टुलावर बसवून, गॉगल काढायला लावून फोटो काढला होता. म्हणून ताईला घेऊन मी शहाद्याच्या त्या दुकानात गेलो. पोरगा जिवंत आहे की नाही, हे कळायची तेवढीच एक वाट उरली होती.

दुकानदार भला माणूस. त्याने खुर्ची दिली, चहा सांगितला आणि कॉम्प्युटरमध्ये शोधू लागला.

“मूळ फोटो ठेवत नाही हो,” तो शेवटी म्हणाला. “जागा फार खातात. धडं तेवढी ठेवतो. ती पुन्हा लागतात.”

“तरी दाखव,” ताई म्हणाली.

त्याने फाईल उघडली. तीच छाती, त्याच पट्ट्या. वर आप्पांच्या पुतण्याचं डोकं होतं. त्याचा वाढदिवस होता.