अक्षर जुळले

आमच्या कचेरीत त्याला सगळे भुंगा म्हणतात. तोंडावर 'सर', पाठ वळली की भुंगा. वयानं तो माझ्यापेक्षा तेरा वर्षांनी मोठा आहे, तेव्हा अहो-जाहो करायला हवं. पण एकोणीस वर्षं एका माणसाच्या समोर बसल्यावर माझ्याच्यानं ते होत नाही. मी नोकरीला लागले त्याच्या तिसऱ्याच दिवशी त्यानं माझा रजेचा अर्ज उजेडात धरला आणि हळू आवाजात म्हणाला, "तुमच्या अक्षरात एकटेपणा आहे." मी म्हटलं, "सर्दी आहे. रजा त्यासाठीच मागितलीय." तेव्हापासून आमचं कधी जमलं नाही.

अक्षर ही त्याची खास विद्या. आमच्या वर्तमानपत्राच्या रविवारच्या पुरवणीत सिनेमाचं पान असतं, त्यात 'प्रेक्षक म्हणतात' हे सदर तो सत्तावीस वर्षं चालवत होता. वाचकानं पुरवणीतलं कूपन कापायचं, त्यावर हातानं आपलं मत लिहायचं, एक ते पाच तारे द्यायचे आणि कचेरीच्या दाराशी ठेवलेल्या पेटीत टाकायचं. खरं नाव देण्याची सक्ती नाही, टोपणनाव चालतं. त्यातली पाच मतं छापायची, प्रत्येकी तीस शब्दांत. जास्तीचं भुंगा लाल पेनानं कापतो. पाचातल्या एकाला दोन तिकिटं बक्षीस. टोपणनावामुळे कुणीही सोम्यागोम्या येऊन तिकिटं मागू लागला, म्हणून नियम झाला: विजेत्यानं बुधवारी स्वतः यायचं, नोंदवहीत आपल्या मतातलं एक वाक्य लिहायचं, भुंग्यानं ते कूपनाशेजारी ठेवून बघायचं आणि 'अक्षर जुळले' असं लिहून सही करायची.

पूर्वी विजेताही तोच निवडायचा. ती बहुधा बाईच निघे, आणि दोनातलं दुसरं तिकीट वाया जाऊ नये याची काळजी भुंगा जातीनं घेई. शेवटी एका विजेतीचा नवरा येऊन टेबलावरची शाईची बाटली आडवी करून गेला, तेव्हा संपादकांनी निवड माझ्याकडे सोपवली. जाहिरात विभागातली ती, टेलिफोनवर बसायची ती, वरच्या मजल्यावरची ती, असा सगळा इतिहास कचेरीला पाठ होता. त्याच्या बायकोलाही असणार. कारण अशा बातम्या घरी पोहोचवणारी माणसं कधी रजेवर नसतात.

पाच वर्षांपूर्वी त्याच्या छातीत कळ आली. बायकोनं तीन महिने उशाशी बसून त्याला उभा केला. हॉस्पिटलात भेटायला गेले तेव्हा मी तिला एकदाच पाहिलं होतं. बारीक अंगाची बाई, चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली. त्यानंतर भुंगा सुधारला. करून करून भागला, देवध्यानी लागला. सुधारला तो सुधारला, पण ते गावभर सांगत सुटला. लिफ्टमध्ये सांगायचा, कँटीनमध्ये सांगायचा, नव्या पोरींना तर मुद्दाम थांबवून सांगायचा. टेबलावर त्याची गोळ्यांची डबी असे. चार कप्पे, प्रत्येक कप्प्यावर बायकोनं लिहून चिकटवलेली चिठ्ठी: सकाळी, जेवणाआधी, दुपारी, झोपताना. ती दाखवून म्हणायचा, "बघा बाई, याला म्हणतात संसार."

हा संसार दोन वर्षांपूर्वी लेकीच्या बाळंतपणाला म्हणून गेला तो परत आलाच नाही. नात आता चालते, बोलते, पायऱ्यांवरून उड्या मारते. भुंगा महिनाअखेरीला निवृत्त होणार होता आणि बायकोनं घरी यावं यासाठी त्याचा जीव टांगणीला लागला होता. पुढं दिवसभर त्या तीन खोल्यांत एकट्यानं बसायची त्याला भीती वाटत होती. हे मात्र तो कुणाला सांगत नव्हता. मला दिसत होतं, कारण हल्ली तो संध्याकाळी उठायचंच नाव घेत नसे.

अशात तो सिनेमा आला. नायक पहिल्या तासात सात मुलींना फिरवतो. मग त्याला एक दातांची डॉक्टर भेटते, एक गाणं होतं आणि गाणं संपेपर्यंत तो सुधारतो. शेवटी भर स्टेशनावर गुडघे टेकून रडतो, ती हसते, लोक टाळ्या वाजवतात. भुंग्याला वाटलं, हा आपल्यासाठीच काढलाय. लेकीच्या घरी जाऊन तो बायकोला घेऊन आला, चांगल्या खुर्च्या बघून तिकिटं काढली. दुसऱ्या दिवशी कचेरीत आल्या आल्या मला म्हणाला, "शेवटी विचारलंच तिला. आता तरी येतेस का? म्हणाली, विचार करून कळवते. म्हणजे येणारच!"

आणि इकडं कूपनांचा पाऊस पडला. त्रेसष्ट आली, त्यातली अठ्ठावन्न शिव्याच होत्या. एक रुग्णवाहिका चालवणारा लिहितो, 'माझा मोडलेला खुबा सुधारायला दोन वर्षं लागली, हा एका गाण्यात सुधारला. डॉक्टरचा पत्ता कळवा.' एका दंतवैद्य बाईंनी लिहिलं, 'अख्ख्या सिनेमात नायिका एकही दात काढत नाही. नायकाचे काढण्यासारखे होते.' निवृत्त मुख्याध्यापिका म्हणतात, 'शून्य तारे द्यायची सोय नाही म्हणून एक. तोही पडद्याला.' कॉलेजातल्या एका मुलीनं विचारलं होतं, 'त्या सात जणी पुढं कुठं गेल्या? त्यांना घरी कुणी काय विचारलं?' एका नवऱ्याचीही तक्रार होती: 'पिक्चर बघून आल्यापासून बायको माझा फोन तपासते आहे. हा खर्च कोण भरून देणार?'

मला हसू आवरेना. भुंगा दातओठ खात होता. "लोकांना माणूस सुधारलेला बघवत नाही," तो म्हणाला.

"सुधारलेला चालतो," मी म्हटलं, "सुधारल्याची जाहिरात चालत नाही."

गुरुवारी मी विजेतं कूपन निवडलं आणि त्याच्यापुढं टाकलं. टोपणनाव होतं, 'एच-बारा'. अक्षरांवर रेघच नव्हती, सगळी अक्षरं उघडी, सुटी सुटी. मत असं होतं: 'नायक सुधारला, हे आपल्याला नायकच सांगतो. दहा वेळा सांगतो. शेवटची वीस मिनिटं नायिकेला एकही वाक्य नाही, ती फक्त हसते. तिला कुणीतरी विचारायला हवं होतं. मी ज्यांच्याबरोबर गेले ते शेवटी रडले. मला रडू आलं नाही. हे त्यांना कसं सांगावं, कळत नाही.'

भुंग्यानं ते उजेडात धरलं. विद्या जागी झाली. "रेघ देत नाही. म्हणजे बाईला डोक्यावर कुणी नको असतं. कोरडी. हट्टी. हिच्या नवऱ्याचं काही खरं नाही." असं म्हणत त्यानं डबी उघडली, दुपारची गोळी तोंडात टाकली, वर पाणी प्यायला आणि लाल पेन उचललं. शेवटची तीन वाक्यं कापली.

"तीच तर खरी आहेत," मी म्हटलं.

"सिनेमाबद्दल नाहीत. घरगुती रडगाणं आहे. शिवाय तिसाच्या वर जातं."

रविवारी पान आलं. पाचपैकी पाचही मतं शिव्यांची, कारण संपादकांनी त्याला गोड मतं वर घेऊ दिली नाहीत. एच-बाराचं बिनशेपटाचं मत चौकटीत होतं.

बुधवारी अकरा वाजता दार ढकलून एक बाई आत आली. चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली. मी ओळखलं. भुंगा तर खुर्ची मागं लोटून उभाच राहिला. चेहरा असा उजळला की क्षणभर मला त्याची कीव आली.

"आलीस? अगं, फोन तरी करायचास. सामान कुठाय?"

"तिकिटं न्यायला आले," ती म्हणाली. "मी एच-बारा. तुम्हीच काढलेल्या तिकिटावरची माझी खुर्ची."

तो हसला. त्याला थट्टा वाटली. ती काही हसली नाही. मी नोंदवही उघडून तिच्यापुढं सरकवली. दुसरं करणार काय? नियम होता. तिनं पेन घेतलं आणि विचारलं, "कुठलंही वाक्य चालतं ना? जे कापलं तेच लिहिते. ते कुठंच आलं नाही."

आणि तिनं लिहिलं: 'मी ज्यांच्याबरोबर गेले ते शेवटी रडले. मला रडू आलं नाही.' बिनरेघेचं, उघडं, सुटं सुटं. लिहून झाल्यावर तिनं वही त्याच्याकडं फिरवली. वहीशेजारी ती डबी होती. सकाळी, जेवणाआधी, दुपारी, झोपताना. एकाही अक्षराच्या डोक्यावर रेघ नव्हती. काखेत कळसा आणि गावाला वळसा! मीही पाच वर्षं तीच डबी समोर बघत होते, तेव्हा शहाणपणा सांगायचं तोंड मलाही नव्हतं. पण माझ्या गोळ्या काही तिनं भरल्या नव्हत्या.

भुंगा कूपनाकडं बघे, वहीकडं बघे, डबीकडं बघे.

"मला कसं कळणार?" तो म्हणाला. "तू मला कधी पत्र लिहिलंस?"

"फ्रिजवर रोज लिहीत होते. जेवण कुठं ठेवलंय ते. तुम्ही यायचात तेव्हा झोपलेली असायचे." तिचा आवाज चढला नव्हता. "लेकीला म्हटलं होतं, कूपनावर उत्तर लिहिते. जगातल्या बायकांची अक्षरं ओळखतात, माझं ओळखलं तर जाईन. बॅग भरून ठेवली होती. रविवारी तुमचा फोन आला तेव्हा मी उठून उभी राहिले. तर म्हणालात, आजचं पान वाचू नकोस, एका खडूस बाईनं काहीबाही लिहिलंय, मनावर घेशील."

मी खाली बघितलं. एकोणीस वर्षं या माणसाची फजिती बघायची माझी इच्छा होती. ती अशी पुरी होईल असं वाटलं नव्हतं, आणि खरं सांगते, वाईट वाटलं ते तिच्यासाठी, त्याच्यासाठी नाही.

"जुळतंय का?" तिनं विचारलं.

त्यानं पेन उचललं. 'अक्षर जुळले' असं लिहिलं. नावाच्या रकान्यात तिचं नाव लिहिलं. मग पत्त्याच्या रकान्यात, न विचारता, आपल्या घराचा पत्ता लिहिला. खोली क्रमांकापासून सगळा, सावकाश, शाळेतल्या मुलासारखा घोटून.

तिनं वाकून वाचलं. टेबलावरचं त्याचं लाल पेन उचललं, पत्त्यावरून एक सरळ रेघ मारली आणि वर लेकीचा पत्ता लिहिला.

"आता सही करा," ती म्हणाली.