कानाला लावून घेतलेला कॅमेरा

बॅगेची चेन उघडली आणि आतून भसकन वास आला. डांबरगोळ्या, जुना फोम, थोडंसं रबर आणि त्या सगळ्याच्या खाली आमच्या भिवपुरीच्या क्वार्टरमधल्या लोखंडी कपाटाचा वास. खालापूरजवळच्या आमच्या गावच्या घरात मी पलंगावर बसले होते, मांडीवर ती काळी बॅग होती, आणि बॅगेत आमचा कॅमेरा, तळहातावर मावणारा, कॅसेटवाला. माझ्या लेकीला त्यातल्या जुन्या कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायच्या होत्या. "चालू तरी होईल का गं आई हा?" तिचा चेहरा शंकेखोर. चार्जर लावला, जरा वेळ वाट पाहिली, आणि काय सांगू तुम्हाला, तो तिळाएवढा लाल दिवा लागला! मी टाळीच वाजवली. खुर्चीत पेपर वाचत बसलेल्या बाबांनी मान वर केली. "लागला? लागणारच. निवडलाय कुनी?"

खरंच, त्यांनीच निवडला होता. आणि कसा निवडला, ती गोष्ट मी वीसेक वर्षं पोटात ठेवली आहे.

माझं लहानपण भिवपुरीच्या पॉवर हाऊसच्या कॉलनीत गेलं. डोंगरावरून जाडजूड पाइपांतून पाणी धडधडत खाली यायचं, मशिनं फिरवायचं आणि मग जणू काही झालंच नाही अशा चेहऱ्यानं ओढ्यातून शेतांकडे निघून जायचं. त्या मशिनांची घरघर कॉलनीत दिवसरात्र असे. आम्हाला ती ऐकूही येत नसे. थांबली की मात्र पाळण्यातली पोरं दचकून उठत. बाबा तिथे मशिनवर होते आणि त्यांचा कान म्हणजे कॉलनीचा अभिमान होता. लाकडी मुठीचा हातभर लांब स्क्रूड्रायव्हर घ्यायचा, टोक बेअरिंगवर टेकवायचं, मूठ कानाशी धरायची, डोळे मिटायचे. मीटरचा काटा हलायच्या आधी बाबा सांगत, "हिच्या पोटात दुखतंय." मशीन उघडल्यावर दुखणं निघायचंच. नवे साहेबसुद्धा म्हणत, काकांना विचारा. बाबांच्या अंगावर दागिना असा एकच, तो कान.

निवृत्तीला वर्षही उरलं नव्हतं. क्वार्टर सोडावं लागणार होतं. एक दिवस जेवताना हातातला घास तसाच ठेवून बाबांनी जाहीर केलं, "कॉलनी सोडायच्या आधी सगळं भरून घ्यायचं. घर, आंगण, तुजी आई, सगळं. फोटोत आवाज नाय येत. आपल्याला हालनारा कॅमेरा पायजेल."

आहाहा, काय दिवस होते ते! मी तेव्हा कॉलेज संपवून नुकती नोकरीला लागले होते. कुठून कुठून माहितीपत्रकं गोळा करून आणायचे. गुळगुळीत कागद, त्यावर कॅमेऱ्यांचे चकचकीत फोटो, आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरात त्यांचे गुण. स्थळं बघावीत तसे आम्ही कॅमेरे बघायचो. याचं झूम चांगलं, पण अंगानं थोराड. त्याची बॅटरी टिकते, पण बाजूला उघडणारा पडदाच नाही. कॉलनीत ज्याला त्याला मत होतं. शेजारचे काका तर म्हणाले, घ्यायचाच तर लग्नात असतो तसला खांद्यावरचा घ्या, चार लोकांत शोभतो. बाबांनी तो मुद्दा तिथल्या तिथे निकालात काढला. लग्नातला तो धूड कॅमेरा आणि त्याचा डोळे दिपवणारा दिवा समोर आला की आई जी पदर सारखा करून गप्प होई, ती जेवणाची पंगत उठेपर्यंत. "तिला कळता कामा नये," बाबा म्हणाले, "असा बारका पायजेल." म्हणजे बघा, जगभरच्या कंपन्या कॅमेरा लहान करण्यासाठी जिवाचं रान करत होत्या, पण आमच्या घरी तो लहान हवा होता तो एका लाजऱ्या बाईसाठी.

शेवटी एका रविवारी आम्ही बापलेक कल्याणच्या दुकानात गेलो. काचेवर तीन कॅमेरे मांडले गेले. मला तर तिन्ही उचलून घरी न्यावेसे वाटत होते. मी पडदे उघडत होते, झूम करून समोरच्या दुकानाची पाटी वाचत होते, तोंडभर हसत होते. बाबा मात्र गंभीर. त्यांनी दुकानदाराला तिन्हींत कॅसेट घालून चालू करायला लावलं आणि पिशवीतून काढलं काय, तर तो स्क्रूड्रायव्हर! "ओ काका, काका! ओरखडा पडेगा!" दुकानदार काउंटरवरून निम्मा बाहेर आला. बाबा जरा ओशाळले, स्क्रूड्रायव्हर परत ठेवला, आणि मग एकेक कॅमेरा उचलून सरळ कानाला लावला. डोळे मिटले. मला मागाहून कळलं की त्यांचं बरोबरच होतं. अंग जितकं लहान, तितकी आतली मोटर माइकला चिकटलेली, आणि तिचा आवाज कॅसेटवर उतरणार. दुकानात कुणाच्याही मनात आलं नव्हतं ते या मशिनवाल्या माणसानं कान लावून विचारलं होतं.

पहिला कॅमेरा. "घरघरतोय." दुसरा. "हापण." तिसरा कानाला लावला आणि चेहरा उजळला. "हा बघ. एकदम नितळ! आत काय फिरतंय, पत्ता नाय."

मी हौसेनं तो माझ्या कानाला लावला. आत एक बारीक, तीक्ष्ण शिटी चालू होती. कुंईंईं. न थांबता. डासासारखी.

मी बाकीचे दोन्ही कानाला लावून पाहिले. बाकीच्या दोघांची नुसती हलकी घरघर होती, ही शिटी तर कान किटवणारी होती, आणि बाबांना ती ऐकूच येत नव्हती. तीस वर्षांच्या घरघरीनं आवाजाचा वरचा सगळा पट्टा खाऊन टाकला होता, आणि उरलेल्या कानावर हा माणूस राजासारखा उभा होता. मला उलगडलं, आपण घरात सगळे इतक्या मोठ्यानं का बोलतो ते. "आवडला ना?" बाबांनी विचारलं. डोळ्यांत लहान मुलासारखा आनंद. निवृत्तीला सहा महिने राहिलेल्या त्या माणसाला, कल्याणच्या भर दुकानात, तुमचा कान गेला म्हणून मी सांगायचं? छे! "एकदम नितळ आहे," मी म्हटलं. दुकानदारानं माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे डोळे वटारले. शहाणा होता, गप्प बसला.

पुढचे सहा महिने बाबांनी धुमाकूळ घातला. पहाटेचं धुकं, पाइपांवरून चालणारी माकडं, आंगणातली अबोली, शिफ्ट संपवून परतणारी माणसं, सगळं भरून घेतलं. संध्याकाळी टीव्हीला वायर जोडून घरगुती खेळ. पडद्यावर कॉलनी, आणि तिच्यावर सतत कुंईंईं. पण गंमत अशी की त्या शिटीतूनही आमचं बोलणं लख्ख ऐकू यायचं, कारण आमच्या घरात बोलणं म्हणजे हाक मारणंच होतं. बाबा विचारत, "कसा आलाय आवाज?" आई म्हणे, "झ्याक आलाय." मला वाटे, बिचारीला यातलं काय कळतंय.

एकच जागा आम्हाला कधी कळली नाही. आई आंगणात कुरडया घालतेय, बाबा कॅमेरा घेऊन अगदी तिच्या पुढ्यात बसलेत. "बोल ना गं कायतरी," ते म्हणतात. आई वर बघते, हसते, ओठ हलतात. शिटीखाली शब्द गडप. पुन्हा कुरडयांकडे वळते. बाबांनी ती कॅसेट पन्नासदा लावली असेल. "काय पुटपुटली, देव जाने," म्हणायचे. तिला विचारलं तर ती म्हणे, "मला काय आठवतंय आता." आई जाऊन आता आठ वर्षं झाली. तेव्हापासून बाबांनी ती कॅसेट लावली नाही. दोन वर्षांपूर्वी नातीच्या हट्टापायी कानात यंत्र बसवून घेतलं, कुरकुरत.

तर परवा लेक नेमकी तीच कॅसेट उतरवून कॉम्प्युटरपाशी बसली आणि म्हणाली, "आई, ही शिटी काढून टाकता येते गं. थांब." बाबांनी पेपर खाली ठेवला. "कसली शिटी?" मी लेकीला चिमटा काढला, पण उशीर झाला होता. तिनं आधी होता तसा आवाज लावला. कुंईंईं. बाबा यंत्रावर बोट ठेवून ऐकत राहिले. माझ्याकडे बघेनात. मग तिनं काहीतरी केलं, आणि शिटी गेली. अख्खं आंगण एकदम मोकळं झालं. लांब कुठेतरी मशिनांची घरघर, एक कावळा, कुरडयांच्या सोऱ्याची कुरकुर. "बोल ना गं कायतरी." आणि मग आईचा आवाज, कधी नव्हे तो हळू, आमच्या घरात कुणी कुणाशी बोललं नव्हतं इतका हळू.

"अवो, तुमचं मशीन कुंई कुंई करतंय. तुमाला ऐकू नाय येत, ठाव हाय मला. ऱ्हाऊ दे. तुमी निवडलाय ना, मंग बेसच हाय."

लेकीनं ते थांबवलं. मला रडू फुटलं, लपवायचा प्रयत्नही केला नाही. किती वर्षं मला वाटत होतं, हे ओझं मी एकटीच वाहतेय. आणि ती बाई त्यांच्या तोंडावर, त्यांच्याच कॅमेऱ्यात सगळं सांगून मोकळी झाली होती, आणि पुन्हा कुरडया घालायला लागली होती.

"म्हंजे तिला ठाव होतं," बाबा म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "आनि तुला?"

"दुकानातच कळलं होतं, बाबा."

ते पुन्हा कॉम्प्युटरकडे वळले. मला वाटलं, चिडले. मग त्यांनी हात पुढे केला, कॅमेरा मागितला. वायर काढली, कॅसेट चालू केली आणि पूर्वीसारखा कानाला लावला, यंत्र असलेल्या कानाला. डोळे मिटले. हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं.

"करतंय की गं कुंई कुंई," ते म्हणाले, आणि कॅमेरा तसाच कानाशी धरून कितीतरी वेळ बसून राहिले.