टीव्हीवरची मरळ

टीव्हीसाठी मासे पकडणं हे मासे पकडण्याहून दसपट थकवणारं काम आहे, हे मी अनुभवानं सांगतो. अनुभव दोनच दिवसांचा आहे, पण कंबर अजून दुखते.

ढाणकीत माझं खताबियाण्यांचं दुकान आहे. रविवारी गळ घेऊन धरणावर जायचं, दिवसभर उन्हात बसायचं आणि येताना बाजारातून सुकट आणायची, हा माझा वीस वर्षांचा छंद. अशा माणसाला एका चॅनेलच्या मासेमारीच्या कार्यक्रमानं ‘स्थानिक जाणकार’ म्हणून बोलावलं. कारण एकच, फोनवर विचारलेल्या प्रत्येक गोष्टीला मी हो म्हणालो. बोटीत बसाल? हो. उन्हात उभं राहाल? हो. आमच्याकडे पकडलेला प्रत्येक मासा परत पाण्यात सोडतात, हरकत नाही ना? हो, हो, म्हणजे नाही.

निघताना बाबांनी खाटेवरून हाक मारली. मला गळ धरायला त्यांनीच शिकवलं. वर्षापूर्वी लकवा मारला, तेव्हापासून डावी बाजू गेली आणि तोंडाची चवही. समोर ठेवलं ते दोन घास खायचे, बस. त्या दिवशी मात्र स्पष्ट म्हणाले, “मरळ आन. रस्सा खाईन.”

वर्षभरात त्यांनी स्वतःहून मागितलेली ती पहिली गोष्ट. बायकोनं लगेच खोबरं भाजायला घेतलं. मासा सोडायच्या अटीचं मी बोललो नाही. म्हटलं, लागतो कुठं? माझ्या कौशल्यावर माझा पूर्ण विश्वास होता.

कार्यक्रमाचा मुख्य माणूस म्हणजे स्पर्धा जिंकणारा पट्टीचा गळवाला. काळा चष्मा, नऊ रॉड आणि मरळीला भुलवायला रबरी बेडकांची पेटी. पहिल्या दिवशी त्यालाही काही लागलं नाही, मलाही नाही. मग दिग्दर्शकानं माझा आनंद आधीच शूट करून ठेवायचं ठरवलं. दोरीला पाण्याची भरलेली कॅन बांधली. ती मी ओढायची आणि हर्षानं ओरडायचं. अकरा वेळा ओढली.

“काका, एवढा दुःखी आनंद नको,” दिग्दर्शक म्हणाला.

जवळच थर्मोकोलच्या तराफ्यावर एक भोई जाळं काढत होता. त्यानं विचारलं, “काय लागलं, भाऊ?”

“कॅन.”

“मोठी हाय काय?”

दुसऱ्या दिवशी दुपारी, हात नुसते सवयीनं चालत असताना, गवताच्या कडेला माझ्या रबरी बेडकाखालचं पाणी फुटलं. मरळ! दोन-अडीच किलोची, काळीभोर. वीस वर्षांत एवढी लागली नव्हती. कॅमेऱ्यात सगळं आलं. मी ती दोन्ही हातांत धरून उभा, आणि चष्मेवाला निसर्गावर बोलतोय. माझ्या डोक्यात खोबऱ्याचं वाटण.

तेवढ्यात कॅमेऱ्याची बॅटरी संपली. कॅमेरामन खाली वाकला. बोटीत ओली गोणी पडलेली होती. ‘वडील आजारी आहेत, ही मी नेतो,’ एवढंच म्हणायचं होतं. माणसं चांगली होती, नाही म्हणाली नसती. मासळीचे कल्ले उघडझाप करत होते.

“पाण्यात धरा, काका,” चष्मेवाला म्हणाला.

मी पाण्यात धरली, आणि हात सैल केले. भूतदया वगैरे काही नाही. एकदा हो म्हटल्यावर नाही म्हणायला जो दम लागतो, तो माझ्यात कधी नव्हताच.

“अहो, सोडली?” दिग्दर्शक ओरडला. “शॉट कुठाय?”

मग आम्ही त्या भोयाकडे गेलो. त्याच्याकडे मरळ नव्हती, एक रोहू होता.

“कायले पायजे?”

“सोडायला,” मी म्हणालो.

“मी पान्यातून काढाचं, तुमी इकत घेऊन पान्यात टाकाचं. मंग मधात मले कायले तरास देता?”

रोहू सकाळीच मेलेला होता. मी तो पाण्याखाली धरून हळूच ढकलला. हातातून सुटला तिथंच शॉट कापला. नंतर तो पोट वर करून तरंगला, तेव्हा भोयानं वल्ह्यानं ओढून टोपलीत परत टाकला.

घरी आलो आणि सांगितलं, “लागली नाही.” बायकोनं वाटणात अंडी सोडली. बाबांनी ताट सरकवलं. “राहू दे,” म्हणाले.

महिन्याभरानं कार्यक्रम लागायचा होता. आपलं खोटं आता आख्ख्या गल्लीत दिसणार, हे कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी माझ्या लक्षात आलं.

“केबल गेली वाटते,” मी म्हणालो.

“आताच तर सिरियल पाह्यली मी,” बायको म्हणाली.

पडद्यावर माझा कॅनवाला आनंद झळकला, आणि पाठोपाठ हातात मरळ. बायकोनं टीव्हीवरची नजर काढून माझ्यावर लावली. “अहो, तुमी तं म्हनत होते—”

बाबांनी उजवा हात वर केला. ते पुढे झुकून बघत होते. मासा पाण्यात गेला, जाहिरात लागली.

“हातात मरळ होती,” ते सावकाश म्हणाले. “सोडला थो रोहू हाय. अन् मेलेला. मंग मरळ कोठं गेली?”

बायकोला माझी दया आली असावी. “त्या टीव्हीवाल्यायनंच खाल्ली असन, मामाजी. हो ना हो?”

हो म्हणायचं, बस. आयुष्यभराच्या सरावाचा शब्द.

“नाही,” मी म्हणालो. “मीच सोडली, बाबा. आणता आली असती.”

बाबांनी मान माझ्याकडे वळवली.

“जिती होती?”

“होती.”

“गेली नीट?”

“शेपटी मारून गवतात शिरली.”

“मंग थेच दाखवाचं होतं ना,” ते म्हणाले. आणि मग, “गवत कोन्त्या बाजूचं?”

मी सांगितलं. तेव्हापासून दर रविवारी त्याच गवताशी बसतो. आज चौथा रविवार, आजही सुकटच आणली. बाबा विचारतात, “दिसली काय?” मी नाही म्हणतो, आता ते जमायला लागलंय. बायको मात्र मासा डोळ्यांनी पाहिल्याशिवाय खोबरं भाजत नाही.