ओट्यावरचं फेस कॅप्चर

“अगं, पदर वर कर! वर कर आणि डोळे मिचकाव!” मी परत ओरडले.

अनिताने पदर कपाळापर्यंत नेला. ओट्यावर कुणीतरी खाकरलं आणि पदर झपकन हनुवटीवर आला. मोबाइल म्हणाला, चेहरा आढळला नाही. मोबाइल आपटावासा वाटला, पण तो सरकारी.

मी अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका. पुसेगावच्या बाजूचे काही तांडे माझ्याकडे आहेत. लहान लेकरांना अंगणवाडीतून दर महिन्याला आहाराची पाकिटं घरी न्यायला मिळतात. पूर्वी सहीवर, अंगठ्यावर भागायचं. आता आईचा चेहरा आधारशी जुळला पाहिजे. याला फेस कॅप्चर म्हणतात. जुळला नाही तर पाकीट नाही. अनिताचं दीड वर्षाचं पोरगं लाल श्रेणीत होतं, म्हणजे वजन धोक्याइतकं कमी. नेमकं त्याचंच पाकीट अडलं होतं.

तांड्यात रेंज येते ती फक्त देवळाच्या ओट्यावर. ओट्यावर दिवसभर म्हातारे बसलेले, त्यांत अनिताचे सासरे बाबूसिंगकाका. सासऱ्यासमोर सून तोंड उघडं टाकत नाही, बोलतही नाही. आम्हाला हे सगळं माहीत. अ‍ॅप बनवणाऱ्याला कोण सांगणार!

तिला घरात नेलं. तिथं पदर आपोआप मागे गेला, डोळेही छान मिचकावले. पण रेंज नाही. सविता, आमची सेविका, मोबाइल उंच धरून उभी राहिली. हात वर गेला की रेंज यायची, पण मग चेहऱ्याऐवजी छताचा पत्रा दिसायचा. वैताग नुसता!

ओट्यावर येऊन ऑफिसला फोन लावला.

“मॅडम, एक लाभार्थी राहिलीय. पाकीट देऊन टाकू का?”

“फेस कॅप्चरशिवाय नाही. ‘लाभार्थी इच्छुक नाही’ टाका आणि क्लोज करा.”

“इच्छुक नाही कशी? समोर उभी आहे, लेकरू कडेवर घेऊन!”

“अ‍ॅपमध्ये दुसरा ऑप्शन नाही ना.” फोन कट.

मग माझं डोकंच फिरलं. म्हाताऱ्यांकडे वळले. “काका, जरा उठता का इथून?”

“आमी काहून उठावं?” बाबूसिंगकाका म्हणाले. “सावली हितंच हाय. तुमी द्या की पाकीट, कोण न्हाई म्हणून राहिलं?”

“मोबाइल नाही म्हणतोय! तुमचा नातू लालमध्ये आहे आणि तुम्हाला सावली सुटेना!”

“लाल म्हंजी?”

मी बघतच राहिले. घरातल्या कर्त्या माणसाला कुणी सांगितलंच नव्हतं. सून बोलणार नाही, मुलगा ऊसतोडीला गेलेला, आणि आम्ही मीटिंगा घ्यायच्या त्या बायकांच्या.

“म्हणजे साधे जुलाब लागले तरी लेकरू हातचं जाईल, काका.”

काका कडेवरच्या पोराच्या काटकुळ्या पायांकडे बघत राहिले. मग एकदम बाकीच्यांवर खेकसले, “ए, तोंडं फिरवा रे भिंतीकडं! सगळ्यांनी! अन् खाकरायचं न्हाई कोणी!”

सगळे पागोटेवाले वळून बसले. अनिताने पदर मागे टाकला, डोळे मिचकावले, जुळलं. तिने पाकीट असं ओढून घेतलं की मला रडू आलं. सविताने त्या पाठींचा फोटो काढून ठेवला.

पुढे दर महिन्याला हेच. आम्ही आलो की काका आपणच भिंतीकडे वळायचे आणि तिकडूनच विचारायचे, “वजन किती भरलं?” सून अजूनही त्यांच्याशी बोलायची नाही, सांगायला मीच लागायची. पोरगं हळूहळू लालमधून बाहेर आलं. मीही एक शिकले. आता नवीन जागी गेले की आधी तिथं कोण बसतं ते बघते, रेंज नंतर.

वर्षअखेरीला मॅडमनी अहवालासाठी पुरुष सहभागाचा फोटो मागितला. मी तोच दिला.

“हे काय? यात एकाचाही चेहरा दिसत नाही!”

“म्हणून तर पोरगं जगलं, मॅडम.”