फुलाऱ्याची वही

सेलूच्या बाजारातला तो फुलारी मान खाली घालून हार ओवायचा. "कोनासाठी?" एवढंच विचारायचा आणि वहीत उर्दूत काहीतरी लिहायचा. निजामाच्या शाळेत मी उर्दू शिकलो होतो, पण तो वही कधी दिसू द्यायचा नाही. मला ते खटकायचं. निजामाचं राज्य संपवणाऱ्या पोलीस ॲक्शनला वर्षही झालं नव्हतं आणि दर गुरुवारी माझी फुलं एका मुसलमान दोस्ताच्या कबरीवर जात. मी म्हणायचो, "देवासाठी."

एकदा माझ्यादेखत जमादाराने त्याला दरडावलं, "तू वही ठेवतो म्हणं. कबरस्तानात फुलं कोन न्यायलंय?"

"मला लिवता-वाचता येत न्हाई, साहेब." वही ओल्या झेंडूखाली होती.

जमादार गेला. फुलाऱ्याने वही काढून धोतराला पुसली. "कोनासाठी?"

"देवासाठी."

त्याने वही माझ्यापुढे धरली. प्रत्येक गुरुवारपुढे माझ्या दोस्ताचं नाव होतं.